पाच तोंडांची वायर

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी महादेवी बिराजदारची सोल्डरिंगची सळई तापलेली होती. तिने ओल्या स्पंजावर टोक पुसलं, चर्र आवाज झाला, आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठ्या पिनवर पहिली तार बसली. लाल. मग पांढरी, हिरवी, काळी. मान वर न करता तिने पुढची पिन खाचेत ठेवली.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्याला लागून ही पत्र्याची शेड आहे. इथे मोबाईल चार्ज करायच्या वायरी तयार होतात. काचेच्या दुकानात मिळतात त्या नव्हेत; एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, जत्रेत गाड्यावर झिपऱ्यांसारख्या लोंबत असतात त्या. शेडमध्ये टेबल एकच, पण ते पाच जणींच्या मापाचं आहे. त्या सकाळी टेबलाशी दोघी होत्या. महादेवी, आणि समोर राजाबाई वाघमोडे.

पाचाचा हिशेब वायरीतूनच आला होता. अकरा वर्षांपूर्वी महादेवी इथे लागली तेव्हा शेडचा सगळा धंदा एका मालावर चालायचा : पाच तोंडांची वायर. एका टोकाला चार्जर, दुसऱ्या टोकाला पाच फाटे. तेव्हा घरात चार माणसं असली तर चार तऱ्हेचे फोन असत आणि एकाची पिन दुसऱ्याला लागत नसे. पाहुणा आला की पाण्याच्या आधी चार्जर विचारायचा, आणि घरात असलेला त्याच्या कामाचा नसायचा. पाच तोंडांची वायर सगळ्यांना पुरायची.

टेबलावर एकेका तोंडाला एकेक बाई होती. साध्या बटणाच्या फोनची बारीक गोल पिन राजाबाईकडे. स्पीकर आणि कॅमेऱ्याची जाड चपटी दगडाबाईकडे. ज्याच्या-त्याच्या हातात दिसायची ती लहान चपटी सिद्धेश्वरीकडे. महागड्या फोनची राजनंदिनीकडे; ती स्वतःच्या हातात तसला फोन असल्यासारखीच वागायची. वायर फिरत फिरत पाच हातांखालून जायची आणि पाचवीकडे पुरी व्हायची.

पाचवी महादेवी. ती सगळ्यांत नवीन, म्हणून सगळ्यांत नवीन पिन तिच्या गळ्यात पडली होती. सी-टाइप. बाकीच्या कुणीच ती घेतली नव्हती. जीव एवढासा, डोळे फुटायची वेळ, आणि तसले फोन तेव्हा गावात कुणाकडे असणार?

"तुज्या तोंडात मुंगीसुदिक मावायची न्हाय, म्हादे," राजाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"नवीन सून हाय. बारीक निवडायचं काम तिलाच," दगडाबाई म्हणाली होती आणि टेबलभर हशा झाला होता.

महादेवी दुधनीची. घरी कानडी, बाहेर मराठी. नवरा मागावर कामाला होता. तो गेल्यावर ती नीलम नगरात एका खोलीत मुलीला घेऊन राहिली. पहिले काही दिवस ती टेबलाशी गप्प बसून होती. मग तिला कळलं की इथे गप्प बसणाऱ्याचं कुणी ऐकत नाही आणि हळू बोलणाऱ्याचंही नाही. भिंतीपलीकडे माग धडाडत असायचे. सासूची चुगली असो की भाजीला काय घातलं ते असो, सगळं ओरडूनच सांगावं लागायचं. वर्षभरात तिचा आवाज चौघींच्या बरोबरीला आला.

टेबलाचा एक नियम होता. तो मालकाने घातला नव्हता, बायकांनीच बसवला होता. जिने जोडलं तिनेच दिव्याच्या खोक्यावर लावून तपासायचं. हिरवा दिवा लागला की माल बरा, लाल लागला की वाईट. वीस नग बरे झाले की जुडी करून आपला धागा बांधायचा. धागे शेजारच्या कारखान्यातले, चादरीच्या सुताची उरलेली टोकं. दगडाबाईचा तांबडा, सिद्धेश्वरीचा पिवळा, राजनंदिनीचा गुलाबी, महादेवीचा जांभळा. राजाबाई तेवढी सूत वापरत नसे. तिच्या माहेरी-सासरी मेंढरं. ती सणासुदीला माळशिरसकडे गावी गेली की येताना काळ्या लोकरीची दोरी आणायची. धागा बांधलेली जुडी पुन्हा कुणी तपासत नसे. धागा म्हणजे बाईची जबान.

मग फोन एकसारखे व्हायला लागले.

ते एका दिवसात झालं नाही. आधी जाड चपटी पिन कुणी मागेना. दगडाबाई घरी बसली. मग सिद्धेश्वरीची लहान चपटी कमी होत गेली. ती आता गणवेशाच्या कारखान्यात काजं करते. महागड्या फोनवाल्यांपुढे कुणाचं काही चालत नाही असं राजनंदिनीला वाटायचं, पण तिकडे युरोपात कायदाच झाला आणि त्या फोनलाही सी-टाइप आली; राजनंदिनीची खुर्चीही रिकामी झाली. मालक अभिमन्यू तिशीचा आहे, महिन्यातले निम्मे दिवस टेम्पोतून बाजार करत फिरतो. त्याने एक दिवस पाच तोंडांच्या वायरीची उरलेली पाकिटं खाली काढली.

"मावशी, आता पाच तोंडं कुणाला पाहिजेत? लोक म्हणतात, एकच तोंड द्या, पण वायर लांब द्या."

फोन, कानात घालायचे बटण, दाढीचं मशीन, शेतात न्यायची बॅटरी, सगळ्याला तीच पिन. लोकांची सोय झाली, यात शंका नाही. महादेवीच्या मुलीने, सृष्टीने, पुण्याहून नवा फोन पाठवला तेव्हा महादेवीला चार्जर शोधावा लागला नाही. तिने स्वतः जोडलेल्या वायरीवर तो पहिल्या रात्री लागला. जिची पिन कुणी घ्यायला तयार नव्हतं ती बाई टेबलावर टिकली. तिचा हात कुणापेक्षा चांगला होता म्हणून नव्हे; वाटणीत तिच्याकडे आलं तेच पुढे चाललं, एवढंच.

सृष्टी रविवारी फोन करायची. पहिलं वाक्य बहुतेक तेच.

"आई, ओरडू नकोस गं. मला ऐकू येतंय."

महादेवी आवाज खाली आणायची, दोन वाक्यं नीट जायची, मग पुन्हा चढायचा. शेजारची बाई एकदा दारात येऊन बघून गेली, भांडण कुणाशी चाललंय म्हणून. खोलीत महादेवी एकटीच होती.

राजाबाई टिकली होती ती मेंढपाळांमुळे. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस इकडच्या धनगरांकडे बटणाचे फोन आणि गोल पिनेच्या बॅटऱ्या होत्या. त्यांच्यासाठी अभिमन्यू थोडा माल काढायचा. पण बटणाचे नवे फोनही सी-टाइपचे येऊ लागले. संक्रांत झाली आणि अभिमन्यूने राजाबाईला समोर बसवून सांगितलं, "बाई, गोल पिनेचं एवढं पोतं संपलं की बास. तुम्हाला काय अंधारात ठेवत नाही."

"बरं की," राजाबाई म्हणाली. साठी ओलांडलेली बाई. तिने लगेच पिना मोजल्या नाहीत. महादेवीने मात्र पोत्याकडे बघितलं.

त्या दिवशी दुपारी भाकरी खाताना महादेवीने विषय काढला. शिशाचे हात साबणाने धुऊन दोघी डबे उघडून बसल्या होत्या.

"राजाक्का, चार तारांचं अवघड हाय, पण दोन तारांची वायर निघते की. नुसत्या चार्जिंगची. लाल आणि काळी. तुझ्या गोल पिनेला तेच दोन होते. तू ती कर, मी चार तारांच्या करते."

"आन् मालक?"

"मालक गाडीवर असतोय. मी माझा धागा बांधते. माल जास्त निघाला तर त्याला काय वाईट? चार महिन्यांनी सांगू, हे अर्धं राजाक्काचं. मग काढंल का तुला?"

राजाबाईने शेंगाचटणीचं बोट चाटलं. "चोरून काम कराय लागलो आपण. लोक चोरून काम टाळत्यात."

"सुम्ने कूड," महादेवी म्हणाली. गप बस. कानडी तिच्या तोंडात रागात किंवा लाजेत यायची.

महिनाभर ते चाललं. राजाबाईला नवी पिन आधी सापडेना, मग सापडली. चिमट्यात धरून, फळीच्या खाचेत ठेवून, लाल डावीकडे, काळी उजवीकडे. तिचे थेंब महादेवीच्या थेंबांसारखे चपटे नसायचे. गोल पिनेच्या सवयीने वाटाण्यासारखे फुगीर यायचे. वर प्लास्टिकची टोपी दाबून बसली की आतलं काही दिसत नसे. माग धडाडत होते आणि दोघी त्यांच्यावर ओरडून बोलत होत्या. राजाबाईच्या नातवाचं लग्न, महादेवीच्या चुलत्याचा खटला, दगडाबाईच्या सुनेने घेतलेला फ्रीज. महादेवी संध्याकाळी घरी जायची ती घसा बसलेला घेऊन. बरं वाटायचं.

त्या सकाळी, सळई तापून तासभर झाल्यावर, अभिमन्यू आत आला. त्याच्या काखेत एक उघडं खोकं होतं. त्याने ते टेबलावर, रिकाम्या तीन जागांच्या मधोमध ठेवलं.

"माळशिरसच्या शहाजीने परत पाठवलंय. त्याचा दुकानातला फोन गेला. गिऱ्हाईकाचे दोन गेले. वायर लावली की फोन तापतोय आणि मरतोय."

खोक्यात जुड्या होत्या. सगळ्यांना जांभळा धागा.

"मावशी, तुमचा धागा आहे," अभिमन्यू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "म्हणून मीच आलो विचारायला. नाहीतर मी शहाजीलाच खोटं पाडलं असतं."

महादेवीने सळई स्टँडवर ठेवली. "माझाच हाय."

"तपासलं नव्हतं?"

याला उत्तर होतं, आणि ते समोर बसलेल्या बाईवर जात होतं. महादेवी इतकंच म्हणाली, "चुकलं."

"अकरा वर्षांत कधी चुकलं नाही ते?"

"आता चुकलं की."

अभिमन्यूने खिशातून एक वायर काढली. शहाजीने पकडीने तिची टोपी फोडून आतली पिन उघडी केली होती. लाल तार काळीच्या जागी बसली होती, काळी लालच्या. राजाबाईने हात पुढे केला, ती वायर घेतली आणि डोळ्यांपासून लांब धरून बघितली.

"ह्यो थेंब म्हादेवीचा न्हाय," ती म्हणाली. "ह्यो माजा हाय."

"राजाक्का!"

"गप गं. एवढा ढब्बू थेंब तू सात जन्मात पाडशील का?" ती अभिमन्यूकडे वळली. "मालक, दोन तारंचा समदा माल म्या केलाय. तिनं नुसता धागा बांदला."

अभिमन्यू खुर्ची ओढून बसला. त्याने ती वायर परत हातात घेतली. मग पिन राजाबाईपुढे धरली. "बाई, या पिनेच्या एका अंगाला पांढरा ठिपका असतो. तो वर ठेवायचा. खाली गेला की डावं-उजवं बदलतं. दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसत हुता की. डोळं साबूत हायती माजं."

"मग?"

"तुमीच न्हाय का म्हणत, ही पिन उलटी लावा, सुलटी लावा, कशीबी लागती? गिऱ्हाइकाला हेच सांगून इकताय की तुमी. कशीबी लागती तर कशीबी जोडली." तिने ठिपक्यावर नख ठेवलं. "मला वाटलं, ठिपका म्हंजे कंपनीचा शिक्का आसंल."

अभिमन्यूला हसू आलं आणि ते त्याने दाबलं. महादेवीला आलं नाही. तिला आता नीट दिसत होतं ते वेगळंच. नियम होता, जिने जोडलं तिने तपासायचं. महिनाभर राजाबाई समजत होती, धागा महादेवीचा तर तपासणार महादेवी. महादेवी समजत होती, जोडणारी राजाबाई तर तपासणार राजाबाई. एका धाग्यात दोन हात कधी गेलेच नव्हते, त्यामुळे नियमात त्याची सोय नव्हती. दिव्याचं खोकं दोघींच्या मधे महिनाभर पडून होतं.

अभिमन्यूने काही जुन्या गोष्टी काढल्या नाहीत. शहाजीला भरून द्यायचं तो बघून घेईल म्हणाला. "हे सगळं दिव्यावर लावा. लाल लागलं ते तोंड कापून नवं बसवा. दोघी मिळून करा, आठवडा जाईल. आणि बाई," तो राजाबाईला म्हणाला, "हे झालं की तुमचं काम संपलं. गोल पिनेचं पोतं मी राहू देतो तसंच."

"व्हय," राजाबाई म्हणाली.

तो आठवडा महादेवीच्या मनासारखा होता, आणि तेच तिला बोचत होतं. चुकीने त्यांना पुन्हा एका कामाला बसवलं होतं, तेही उघडपणे. महादेवी वायर दिव्यावर लावायची. हिरवा लागला तर उजव्या टोपलीत, लाल लागला तर डावीकडे, राजाबाईपुढे. राजाबाई तोंड कापायची, टोपी फोडायची, तारा सोलून द्यायची. महादेवी नवी पिन जोडायची. पण राजाबाई बोलत नव्हती. मागांच्या धडधडीत महादेवी एकटीच ओरडत होती. नातवाच्या लग्नाचं विचारलं तर "झालं की ठरल्यालं" एवढं उत्तर. दुपारी राजाबाई लवकर डबा झाकायची आणि पुन्हा कात्री हातात घ्यायची. खोकं भराभर रिकामं होत होतं.

चौथ्या दिवशी ते तळाला आलं. राजाबाईने एक टोपी फोडली, तशीच धरून ठेवली. मग दुसरी फोडली. तिसरी. तिन्ही पिना तिने टेबलावर ओळीने ठेवल्या आणि कात्री खाली ठेवली.

"म्हादे. हिकडं बघ."

महादेवीने बघितलं. तिन्हींचे ठिपके वर होते. लाल डावीकडे, काळी उजवीकडे. थेंब फुगीर.

"ही तर बरी हायती की गं. हिरवा लागला आसंल ह्यास्नी."

महादेवीने हातातली वायर दिव्यावरून काढली.

"सकाळधरनं टाकाय लागलीस का कालपासनं?"

"कालपासून."

"बरी वायर कापून परत जोडायची? कशापायी? दीस वाढावा म्हणून?"

मागांचा आवाज चालूच होता. महादेवीला हळू बोलायचं होतं, पण इथे ते जमण्यासारखं नव्हतं. ती ओरडूनच म्हणाली, "तू गेलीस तर मी कुणाशी बोलू इथं?"

राजाबाईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मायाही नव्हती. मेंढरू लंगडतंय की नुसतं थांबलंय हे बघावं तसं ती बघत होती.

"म्हंजे मला काम ऱ्हावं म्हणून न्हवतं ते," ती म्हणाली. "तुला सोबत पायजे हुती. मग तसं म्हणायचं की पयल्याच दिशी. मी तशीबी येऊन बसली आसती, हात रिकामं घिऊन. आता मालकानं काम संपलं म्हणून सांगितल्यावर कुटल्या तोंडानं येऊ?"

"ये की. मालक काही म्हणत नाही."

"मालक काय म्हणणार न्हाय. माजं मन मला म्हणंल." तिने ओळीतली एक पिन उचलून महादेवीपुढे ठेवली. "बरी वायर कापायची न्हाय, म्हादे. आपुन पाच जणी हुतो तवा कुणी कापली न्हवती."

उरलेल्या वायरी त्या दिवशी संध्याकाळच्या आत झाल्या. महादेवीने हिरवं ते उजवीकडे, लाल ते डावीकडे टाकलं. शेवटच्या वीस नगांची जुडी राजाबाईने स्वतः दिव्यावर लावली, एकेक करून, वेळ लागला तरी. मग पदराच्या गाठीतून लोकरीची काळी दोरी काढून तिला बांधली. सी-टाइपच्या जुडीला काळी दोरी ही पहिलीच. तिने डब्याची पिशवी उचलली, दिव्याच्या खोक्याचं बटण बंद केलं आणि दारात वळून म्हणाली, "सळई बंद कर. तू विसरतीस." नीलम नगरच्या चौकापर्यंत दोघी बरोबर चालत गेल्या. तिथून राजाबाईची शेअर रिक्षा स्टँडला गेली, तिथून गावी, माळशिरसची एसटी. पोचल्यावर तिने फोन केला नाही. तिच्या बटणाच्या फोनची बॅटरी वाटेतच उतरते.

अभिमन्यूने काळ्या दोरीची जुडी इतर मालाबरोबरच टेम्पोत टाकली. ती कुठल्या बाजारात सुटली हे त्याने बघितलं नाही. पुढच्या सकाळी महादेवी शेडवर आली तेव्हा चार खुर्च्या भिंतीला एकीवर एक रचलेल्या होत्या. टेबलाची जागा आता पॅकिंगला लागणार आहे. तिने सळई लावली. दुपारी भाकरी खाताना भिंतीपलीकडचे माग काही वेळ थांबले, धागा तुटला असावा. शेडमध्ये इतकं शांत झालं की स्वतःचं चावणं तिला ऐकू आलं. ती थोडी थांबली, मग माग सुरू झाल्यावर पुन्हा खाऊ लागली.

रविवारी सृष्टीचा फोन आला. बोलता बोलता मुलगी म्हणाली, "आई, आवाज येत नाहीये नीट. जरा मोठ्याने बोल की."

त्याच संध्याकाळी अभिमन्यू कुलपाची दुसरी किल्ली द्यायला घरी आला. शेड उघडायला आता दुसरं कुणी नाही. किल्लीबरोबर त्याने एक पाकीट दिलं. जोडणारी बाई एकच, तेव्हा धाग्याच्या रंगावरून माल ओळखायचं कारण उरलेलं नाही. उद्या सोमवार. साडेनऊला शेड महादेवी उघडेल, आणि वीस नगांच्या जुडीला उद्यापासून त्या पाकिटातला रबर बँड लागेल.